शब्द एक, अर्थ दोन: व्यावसायिक कराराचा मसुदा लिहायला शिकताना

१८६४ साली इंग्लंडमधल्या न्यायालयापुढे कापसाचा एक खटला आला. मुंबईहून ‘पीअरलेस’ नावाच्या जहाजाने येणाऱ्या सुरती कापसाच्या १२५ गाठी लिव्हरपूलला घ्यायच्या, असा करार झाला होता. प्रत ठरली होती, भाव ठरला होता. पण मुंबईहून ‘पीअरलेस’ नावाची दोन जहाजं निघाली, एक ऑक्टोबरात आणि दुसरं डिसेंबरात. खरेदीदाराच्या मनात पहिलं होतं, विक्रेत्याच्या मनात दुसरं. डिसेंबरच्या जहाजातला कापूस आला तेव्हा खरेदीदाराने तो घेतला नाही आणि निकाल त्याच्या बाजूने लागला.

करार लिहायला नव्याने बसणाऱ्याला मी ही हकीकत सगळ्यात आधी सांगतो. सह्या होतात त्या शब्दांवर, आणि तोच शब्द घेऊन दोघं आपापला अर्थ मनात धरून घरी जातात. दोघांमध्ये न बोललेला मतभेद कुठे दडलाय, तो संबंध गोड असतानाच उकरून काढायचा, हे मसुदा लिहिणाऱ्याचं मुख्य काम. भाषा भारदस्त असण्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘सदरहू’, ‘उपरोक्त’, ‘येणेप्रमाणे’ यांनी करार मजबूत होत नाही, फक्त वाचणाऱ्याचा वेग मंदावतो.

लिहिण्याआधी चार रकाने

जुना नमुना उघडून नावं बदलायला लगेच बसू नका. आधी कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: कोण, काय, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर. व्यवहारातली प्रत्येक गोष्ट या रकान्यांत भरत जा.

एक यंत्र पुरवून बसवून द्यायचा व्यवहार घेऊ. ‘पुरवठादार यंत्र पोहोचवील’ ही पहिली ओळ सोपी वाटते. मग प्रश्न सुरू होतात. ट्रकमधून उतरवायचं कोणी? क्रेन कोणाची? यंत्राचा पाया खरेदीदार बांधणार असेल आणि तोच तयार नसेल, तर पुरवठादाराची मुदत थांबते की चालूच राहते? वीजजोडणी कोणाकडे? चाचणीसाठी लागणारा कच्चा माल कोण देणार आणि त्यातला वाया गेलेला कोणाच्या खाती? माझा अनुभव असा की पहिले तीन रकाने भराभर भरतात आणि चौथा रिकामा राहतो. दोन्ही पक्षांना तो प्रश्न विचारायला अवघड वाटतं. तुम्ही विचारा. या टप्प्यावर तो एका फोनवर मिटतो.

पक्ष नेमके कोण

करार होतो कायद्याने ओळखलेल्या व्यक्तीशी किंवा संस्थेशी. पाटीवरच्या नावाशी किंवा ‘ग्रुप’शी होत नाही. नोंदणीकृत पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीकृत पत्ता सरकारी नोंदीवरून ताडून घ्या. सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे का ते पाहा: संचालक मंडळाचा ठराव, अधिकारपत्र, भागीदारीपत्रातली तरतूद, जे लागू असेल ते. पैसे एक कंपनी देणार आणि काम दुसरीच करून घेणार असेल, तर दोघींनाही पक्ष करा, किंवा पैसे देणारीकडून स्वतंत्र हमी घ्या.

व्याख्या

१९६० सालचा न्यूयॉर्कमधला एक खटला ‘चिकन’ या एका शब्दावर लढला गेला. स्विस खरेदीदाराला कोवळी कोंबडी हवी होती आणि विक्रेत्याने जून कोंबडीही पाठवली. करारातल्या ‘चिकन’ला संकुचित अर्थ आहे हे सिद्ध करायची जबाबदारी खरेदीदारावर होती. ती पार पडली नाही आणि तो हरला. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २९ खालचं उदाहरणही याच धर्तीचं आहे. ‘शंभर टन तेल’ विकायचं ठरलं, पण कोणतं तेल हे कशावरूनच कळत नाही, म्हणून करार निरर्थक.

म्हणून व्यवहार ज्या शब्दावर उभा आहे त्याची व्याख्या करा, आणि तीही मोजता येईल अशी. ‘उत्तम प्रतीचा’ लिहिण्याऐवजी मानकाचा क्रमांक, ओलाव्याचं कमाल प्रमाण, चाचणीची पद्धत लिहा. तांत्रिक तपशील परिशिष्टात टाका आणि मुख्य मजकूर व परिशिष्ट यांत विसंगती आढळल्यास कोणाचं खरं धरायचं, ते एका ओळीत सांगून ठेवा. खरेदी आदेशाच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या अटींनाही हाच नियम लावा. नाहीतर दोघांच्याही छापील अटी आपापसांत भांडत बसतात.

एकदा व्याख्या केली की शब्द बदलायचा नाही. निबंधात तोच शब्द पुन्हा पुन्हा येऊ नये असं शाळेत शिकवतात. करारात बरोबर उलट आहे. कलम ३ मध्ये ‘माल’, कलम ७ मध्ये ‘उत्पादन’ आणि कलम ११ मध्ये ‘साहित्य’ असेल, तर वाचणारा वकील म्हणणारच की या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

क्रियापद आणि कर्ता

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण मराठी करार बहुतेक इथेच सैल पडतात.

‘यंत्राची जोडणी वेळेत केली जाईल.’ हे वाक्य कानाला मुळीच खटकत नाही, आणि तेच त्याचं दुखणं आहे. जोडणी कोण करणार? वेळेत म्हणजे कधी? मराठीत कर्मणी प्रयोग इतका सहज येतो की कर्ता गळाला हे लक्षातच येत नाही. प्रत्येक बंधनाच्या वाक्याची सुरुवात पक्षाच्या नावाने केलीत, तर निम्मे दोष आपोआप जातात.

दुसरा घोटाळा ‘करावा’चा. ‘खरेदीदाराने सात दिवसांत दोष कळवावा’ ही विनंती आहे, सल्ला आहे की बंधन? बोलताना स्वरावरून कळतं, कागदावर कळत नाही. मी तीनच रूपं वापरतो: बंधनाला ‘करील’, मुभेला ‘करू शकेल’, मनाईला ‘करणार नाही’. ‘अपेक्षित आहे’, ‘प्रयत्नशील राहील’, ‘सर्वतोपरी सहकार्य करील’ हे शब्द शक्य तिथे काढून टाका. सहकार्य म्हणजे नेमकं काय हवंय? आठवड्यातून एक बैठक, की दोन दिवसांत नकाशांना मंजुरी? तेच लिहा.

तिसरा घोटाळा सर्वनामांचा. ‘खरेदीदाराने पुरवठादाराला दोष कळवल्यावर त्याने तो दूर करावा.’ इथला ‘त्याने’ बहुधा पुरवठादार आहे, पण ‘बहुधा’वर पैसे अडकतात. आदरार्थी ‘ते’ आलं की एकवचन की अनेकवचन हाही प्रश्न येतो. नाव पुन्हा लिहा. विशेषणांचंही तसंच आहे. ‘नवीन यंत्रे व सुटे भाग’ यात सुटे भागही नवीनच हवेत का? हवे असतील तर ‘नवीन यंत्रे आणि नवीन सुटे भाग’ असं लिहा.

मघाचं वाक्य आता असं होतं:

‘यंत्र खरेदीदाराच्या जागेवर ज्या दिवशी पोहोचेल, तो दिवस सोडून पुढील १५ दिवसांत पुरवठादार यंत्राची जोडणी पूर्ण करील. जोडणीसाठी लागणारा पाया व वीजजोडणी खरेदीदार यंत्र पोहोचण्यापूर्वी तयार ठेवील. खरेदीदारास यात जितके दिवस उशीर होईल, तितके दिवस पुरवठादाराची मुदत वाढेल.’

वाक्य एकाचं तीन झालं. पण पाया तयार नव्हता म्हणून कोण थांबलं, यावर आता वाद घालता येत नाही.

तारखा आणि मुदती

‘३१ मार्चपर्यंत’ यात ३१ तारीख धरायची का? बोलताना आपण धरतो. करारात ‘३१ मार्च धरून’ असं लिहा. ‘पंधरवडा’ म्हणजे चौदा दिवस की पंधरा? ‘एक महिना’ ३१ जानेवारीपासून मोजला तर कधी संपतो? जमेल तिथे दिवसांत मोजा. ‘कामाचा दिवस’ वापरलात तर कोणत्या ठिकाणच्या सुट्ट्या मोजायच्या ते सांगा. महिना अक्षरात लिहा, कारण ०४/०५ हे काही देशांत ४ मे असतं आणि काही देशांत ५ एप्रिल.

पैसा

चलन, कर धरून की वगळून, बँकेचं शुल्क कोणाकडे, आणि मुदत बिलाच्या तारखेपासून की बिल मिळाल्याच्या तारखेपासून, हे सगळं एकाच कलमात येऊ द्या. उशिराचं व्याज किती आणि कोणत्या दिवसापासून तेही तिथेच.

रक्कम सूत्राने ठरणार असेल तर सूत्राखाली आकडे घालून सोडवलेलं एक उदाहरण जोडा. यावर मी फार अडून बसतो. इंग्लंडमध्ये २००९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) गेलेल्या एका बांधकाम करारात जादा मोबदल्याची व्याख्या अशी लिहिली होती, की एका वाचनाने सुमारे ९ लाख पौंड निघत होते आणि दुसऱ्याने सुमारे ४५ लाख. व्याख्येखाली दोन ओळींचं गणित असतं, तर सह्यांच्या आधीच हा फरक टेबलावर आला असता.

‘पुढील वर्षाचा दर परस्परसंमतीने ठरवला जाईल’ हे वाक्य नवशिक्यांना फार आवडतं. ते लिहू नका. संमती झाली नाही तर काय, हा चौथा रकाना त्यात रिकामाच आहे. पुढे वाटाघाटी करायचा नुसता करार अंमलात आणता येत नाही, असं हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९२ साली सांगितलं. अमुक निर्देशांकाप्रमाणे दर बदलेल, किंवा ३० दिवसांत एकमत न झाल्यास नेमलेला त्रयस्थ तज्ज्ञ ठरवील, असा मार्ग ठेवा.

माल देशाबाहेर जाणार असेल तर ‘एफओबी’, ‘सीआयएफ’ या संज्ञांपुढे (भाडं, विमा आणि जोखीम कोणाकडे ते त्या सांगतात) ठिकाणाचं नाव आणि ‘इन्कोटर्म्स २०२०’ अशी त्या संज्ञांच्या आंतरराष्ट्रीय नियमांची आवृत्ती लिहा. ‘सीआयएफ’मध्ये पोहोचण्याच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा विक्रेता भरतो. जोखीम मात्र माल निघण्याच्या बंदरावर जहाजात चढला की खरेदीदाराकडे जाते. दर तोंडपाठ असलेल्या व्यापाऱ्यांचीही इथे गल्लत होताना मी पाहिली आहे.

काम पूर्ण झालं हे कोण ठरवणार

माझ्या सुरुवातीच्या एका मसुद्यात मी लिहिलं होतं: ‘उरलेली ३० टक्के रक्कम खरेदीदाराचे समाधान झाल्यावर देय होईल.’ यंत्र बसलं, चाललं, उत्पादन निघू लागलं. खरेदीदाराने समाधान झालं असं कळवलं नाही आणि झालं नाही असंही कळवलं नाही. पुरवठादाराचे पैसे कित्येक महिने अडकले, आणि त्या वाक्याचा आधार घेऊन मला काहीच करता येईना. तेव्हापासून मी स्वीकृतीचं कलम असं लिहितो:

‘चाचणी पूर्ण झाल्याच्या दिवसानंतर १० दिवसांत खरेदीदार पुरवठादारास स्वीकृतिपत्र देईल, किंवा यंत्र परिशिष्ट २ मधील कोणत्या निकषात बसत नाही ते लेखी कळवील. या मुदतीत खरेदीदाराने दोन्हींपैकी काहीही न केल्यास, मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्याने यंत्र स्वीकारले असे मानले जाईल.’

गप्प बसण्यालाही अर्थ दिला की कलम पुढे सरकतं. मंजुरी, नकाशे, नमुने, बिलं, जिथे जिथे एका पक्षाच्या होकारावर दुसऱ्याचं काम अडतं, तिथे हीच युक्ती वापरा.

मोडलं तर

उशिरासाठी दर आठवड्याला ठरावीक टक्के कपात लिहायची पद्धत आहे. धाक बसावा म्हणून आकडा फुगवलात तर तो कोर्टात टिकेलच असं नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कसोटी घालून दिली, की रक्कम त्या पक्षाच्या न्याय्य हिताच्या मानाने अवाजवी आहे का ते पाहायचं. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारातला आकडा ही कमाल मर्यादा असते आणि त्याच्या आत वाजवी भरपाई मिळते. म्हणून आकडा कुठून काढला याचं टिपण फायलीत ठेवा: बंद राहिलेल्या कामाचा रोजचा खर्च किती, पर्यायी यंत्राचं भाडं किती.

नुकसानभरपाईचा विषय निघाला की १८५४ सालचा गिरणीच्या दांड्याचा खटला आठवावाच लागतो. ग्लॉस्टरच्या एका गिरणीच्या यंत्राचा मोडलेला दांडा, नवा घडवण्यासाठी नमुना म्हणून, वाहतूकदाराकडे न्यायला दिला होता. वाहतूकदाराने उशीर केला आणि गिरणी बंद राहिली. बुडालेला नफा मालकांना मिळाला नाही, कारण दांड्यावाचून गिरणी बंद राहील ही खास परिस्थिती वाहतूकदाराला माहीत होती असं न्यायालयाने धरलं नाही. तुमच्या व्यवहारात उशिराचा फटका कुठे बसतो, ते करारातच लिहून समोरच्याला माहीत करून द्या.

उलट बाजूने जबाबदारीला मर्यादा घालत असाल, तर ‘अप्रत्यक्ष नुकसान वगळले आहे’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. बुडालेला नफा इंग्लिश कायद्यात पुष्कळदा प्रत्यक्ष नुकसान धरला जातो. काय वगळायचं ते नावानिशी लिहा: बुडालेला नफा, बंद पडलेलं उत्पादन, गमावलेली कंत्राटं. मर्यादेचा आकडा लिहा आणि फसवणूक, गोपनीयतेचा भंग यांसारखं काय त्या मर्यादेबाहेर आहे तेही. काही गोष्टींची जबाबदारी कायदा झटकूच देत नाही आणि त्या देशागणिक वेगळ्या असतात.

अपरिहार्य आपत्तीच्या कलमात आपत्तींची यादी देऊन थांबू नका. किती दिवसांत कळवायचं, पैसे देण्याचं बंधन थांबतं का (बहुधा थांबू नये), आणि आपत्ती किती दिवस लांबली तर करार संपवता येईल, हे यादीपेक्षा महत्त्वाचं आहे. करार संपवण्याच्या कलमातही ‘गंभीर भंग’ म्हणजे काय ते उदाहरणांनी सांगा, दुरुस्तीसाठी मुदत द्या, आणि संपल्यावर आगाऊ रकमेचं, अर्धवट मालाचं व कागदपत्रांचं काय करायचं ते लिहा.

वाद कुठे, कोणत्या कायद्याने

हे कलम रात्री उशिरा, सगळे थकल्यावर घाईने लिहिलं जातं. त्यामुळे एका ओळीत लवाद आणि पुढच्या ओळीत ‘सर्व वाद अमुक न्यायालयात’ असं परस्परविरोधी काहीतरी उतरतं. लवाद निवडलात तर लवाद संस्थेचं नमुना कलम जसंच्या तसं घ्या आणि स्थान, लवादांची संख्या, भाषा भरा. समोरचा पक्ष दुसऱ्या देशातला असेल तर लवादाचा एक मोठा फायदा आहे. १९५८ च्या न्यूयॉर्क कराराने १७० हून अधिक देश परदेशी लवादांचे निवाडे अंमलात आणायला बांधलेले आहेत. न्यायालयाच्या निकालांना इतका सर्वदूर आधार नाही. मालविक्रीचा करार असेल तर संयुक्त राष्ट्रांचा १९८० चा व्हिएन्ना विक्री करार आपोआप लागू होतो का तेही पाहा. नको असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं.

करार दोन भाषांत असेल तर विसंगती आल्यास कोणती भाषा मान्य, ते ठरवा. कॅनडात दोन दूरसंचार कंपन्यांच्या खांबवापराच्या करारात पाच वर्षांची मुदत, नंतर पाच-पाच वर्षांची वाढ आणि एक वर्षाच्या नोटिशीने समाप्ती हे सगळं एकाच वाक्यात होतं. शेवटच्या शर्तीआधी एक स्वल्पविराम होता. त्याच्यामुळे पहिल्या पाच वर्षांतही नोटीस देता येते, असं तिथल्या नियामकाने २००६ साली ठरवलं. २००७ साली त्या कराराच्या नमुन्याचा फ्रेंच मजकूर पाहिल्यावर निर्णय फिरला, कारण त्यातून एकच अर्थ निघत होता. मुदत, वाढ आणि समाप्ती ही तीन वाक्यं करा. स्वल्पविरामावर भार टाकू नका.

मसुदा तपासणं

मसुदा झाला की एक दिवस बाजूला ठेवा. मग वाटाघाटीत नसलेल्या माणसाला वाचायला द्या आणि त्याला प्रसंग विचारा: ‘माल वीस दिवस उशिरा आला, त्यातले आठ दिवस खरेदीदारामुळे. कपात किती?’ त्याने फक्त कागद वाचून तुमचाच आकडा काढला पाहिजे. नाही काढला तर दोष त्याच्या वाचण्यात शोधू नका, कलम पुन्हा लिहा. असे पाच-सहा प्रसंग आधीच लिहून ठेवले तर तासाभरात होतं. कलमांचे आपसातले संदर्भ क्रमांक मात्र सगळ्यात शेवटी तपासा. एक कलम मध्ये घातलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात.

सही आणि त्यानंतर

अंतिम आवृत्तीच्या प्रत्येक पानावर आद्याक्षरं घ्या, परिशिष्टांसकट. लागू असेल तिथे मुद्रांक शुल्क सहीच्या वेळीच भरा, कारण काही देशांत ते भरल्याशिवाय न्यायालय दस्तऐवज पुराव्यात घेत नाही.

काम सुरू झालं की बदल फोनवर आणि चॅटवर होऊ लागतात. ‘फेरबदल लेखी व दोन्ही पक्षांच्या सहीनेच’ या कलमाला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली पूर्ण मान्यता दिली. सगळीकडे न्यायालयं इतकी काटेकोर नसतात. म्हणून फेरबदलाचा एक पानाचा कोरा नमुना सहीच्या दिवशीच तयार करून दोन्हीकडच्या प्रकल्प सांभाळणाऱ्यांना द्या. त्यात कलम क्रमांक, जुना मजकूर, नवा मजकूर, लागू होण्याची तारीख आणि दोन सह्या एवढंच असावं. त्यांना हेही दाखवून द्या की नोटिशीचा पत्ता आणि ई-मेल कोणत्या कलमात आहे, आणि मुदतवाढ नको असेल तर शेवटची कोणती तारीख कॅलेंडरात टाकायची.